फील्ड मार्शल स्लिम यांचे युद्धवृत्त : पदपथावरील एका प्रतीचा परिचय

चर्चगेटहून हुतात्मा चौकाकडे जाताना जुनी पुस्तके मांडून बसणाऱ्या एका विक्रेत्याकडून फील्ड मार्शल विल्यम स्लिम यांच्या ब्रह्मदेश मोहिमेवरील इंग्रजी आत्मकथनाची (प्रथम प्रकाशन १९५६) पुनर्मुद्रित प्रत मी साडेतीनशे रुपयांना घेतली. मजकुराच्या मानाने ही किंमत काहीच नाही; छपाईच्या मानाने मात्र जास्त आहे. नकाशे इतके बारीक छापले आहेत की चिंदविन नदी कोणती आणि रस्ता कोणता हे भिंगाशिवाय कळत नाही, आणि इंफाळचा भाग तर शिवणीतच गेला आहे. विक्रेता भाव सोडत नाही, पण पाने निवांत चाळू देतो, याचा लाभ घ्यावा.

दोन्ही महायुद्धांतील कारकीर्द एकत्र वाचायला मिळेल, या अपेक्षेने पुस्तक घेणाऱ्याची निराशा होईल. १९१५ मध्ये गॅलिपोलीत जबर जखमी झालेला, पुढे मेसोपोटेमियात मिलिटरी क्रॉस मिळवणारा आणि त्यानंतर गुरखा पलटणीत रमलेला तरुण अधिकारी येथे जवळजवळ नाहीच. १९४२ च्या मार्चमध्ये इराकमधील डिव्हिजन (अनेक पलटणींची मोठी सेना-तुकडी) सोडून ब्रह्मदेशात येण्याचा हुकूम मिळतो, तेथूनच कथन सुरू होते.

लढायांच्या वर्णनांपेक्षा मला व्यवस्थेची प्रकरणे सरस वाटली. १९४३ मध्ये एका जखमी सैनिकामागे १२० आजारी सैनिक पिछाडीला पाठवावे लागत होते. त्यावर उपाय म्हणून मेपाक्रिनच्या (हिवतापावरील औषधाच्या) गोळ्या खरोखर घेतल्या जातात की नाही याची अचानक तपासणी सुरू झाली, आणि ज्या पलटणीत हे प्रमाण ९५ टक्क्यांच्या खाली भरेल तिच्या कमांडिंग ऑफिसरला घरी पाठवण्याचे ठरले. तिघांना हटवल्यावर बाकीचे समजून चुकले, असे स्लिम अगदी कोरडेपणाने नोंदवतात. विमानातून रसद टाकायला रेशमी पॅराशूट पुरेनात, तेव्हा कलकत्त्याच्या गिरण्यांकडून तागाची करून घेतल्याची हकिकतही अशीच रंगली आहे.

कोहिमावर जपानी फार तर एक रेजिमेंट आणतील हा आपला अंदाज साफ चुकला आणि समोर अख्खी डिव्हिजन येऊन ठाकली, हेही ते आडपडदा न ठेवता लिहितात. (कोहिमा वेढ्यात असतानाच, १४ एप्रिल १९४४ रोजी, मुंबईच्या व्हिक्टोरिया गोदीत स्फोट झाला, आपल्याकडे त्या एप्रिलची आठवण निघते ती गोदीमुळे.) विजेत्या सेनापतीच्या लेखणीतून अशी कबुली विरळाच येते, आणि पुढच्या विजयाच्या प्रकरणांवर विश्वास बसतो तो तिच्यामुळेच.

मणिपुरातील सांगशाकला लढलेल्या मराठा पलटणीविषयी सविस्तर वाचायचे असेल, तर पलटणीचा इतिहासच मिळवावा. सेनापतीची नजर येथे बहुतांशी डिव्हिजनच्या पातळीवर राहते. मोठ्या आकाराची, कापडी बांधणीची जुनी प्रत हाती लागली, तर दुप्पट पैसे मोजायलाही हरकत नाही.