म्युनिकमध्ये घर शोधताना: फर्निश्ड घर, शेअरिंगमधली खोली की स्वतःच्या नावावरचा करार?

पुण्याहून किंवा बेंगळुरूहून नोकरीसाठी म्युनिकला येणाऱ्या माणसापुढे साधारणपणे तीन पर्याय असतात: ठरावीक मुदतीसाठी मिळणारे फर्निश्ड घर, इतरांबरोबर वाटून घेतलेल्या घरातली एक खोली, आणि स्वतःच्या नावावर करार करून घेतलेले रिकामे घर. बहुतेक जण या तिन्हींची तुलना महिन्याच्या भाड्यावरून करतात आणि तिथेच त्यांचे गणित चुकते. भाड्याआधी एकच प्रश्न विचारावा: या पत्त्यावर माझी नोंदणी होईल का?

जर्मनीत राहायला आल्यावर दोन आठवड्यांच्या आत पत्त्याची नोंदणी, म्हणजे ‘अनमेल्डुंग’, करावी लागते आणि त्यासाठी घर देणाऱ्याच्या सहीचा दाखला लागतो. या नोंदणीनंतर कर क्रमांक टपालाने घरी येतो. तो नसेल तर पगारातून सर्वांत जड वर्गाने, म्हणजे सहाव्या वर्गाने, कर कापला जाऊ शकतो. निवास परवान्याच्या कामातही नोंदणीचा कागद पुढे करावा लागतो. त्यामुळे ‘राहा, पण नोंदणी करू नका’ असे सांगणारे घर कितीही स्वस्त असले, तरी ते सोडून द्यावे.

फर्निश्ड घराचा मोठा फायदा म्हणजे ते भारतातून निघण्याआधी ठरवता येते आणि तिथे जर्मन पगाराच्या पावत्या किंवा ‘शूफा’चा, म्हणजे आर्थिक विश्वासार्हतेचा, दाखला मागण्याचा आग्रह कमी असतो. भाडे मात्र चढे असते. नव्या करारातले भाडे त्या भागातल्या तुलनात्मक भाड्यापेक्षा १० टक्क्यांहून अधिक नसावे, असा नियम २०१५ पासून घरांची टंचाई असलेल्या भागांसाठी आहे. पण केवळ तात्पुरत्या वापरासाठी दिलेल्या घरांना तो लागू होत नाही. फसवणूकही याच वाटेवर अधिक होते. मालक परदेशात आहे, अनामत आधी पाठवा, किल्ली टपालाने येईल, असे कोणी लिहिले की तो पत्रव्यवहार तिथेच थांबवावा.

वाटून घेतलेले घर, ज्याला तिथे ‘वेगे’ म्हणतात, विद्यार्थ्याला आणि एकट्या माणसाला परवडते. दर घरामागे भरावे लागणारे महिन्याचे १८.३६ युरो रेडिओ-टीव्ही प्रसारणशुल्कही त्यात विभागले जाते. मात्र तुम्ही पोटभाडेकरू असाल, तर मूळ भाडेकरूने मालकाची परवानगी घेतली आहे का, हे लेखी पाहावे. ती नसेल तर तुमचे तिथले राहणे मूळ भाडेकरूच्या करारावर टांगलेले राहते. शिवाय खोली कोणाला द्यायची हे तिथे आधीपासून राहणारे ठरवतात, आणि स्वयंपाकघरात, टेबलाभोवती बसून, अर्ध्या तासात त्यांना तुम्ही आवडावे लागता. कुटुंब बरोबर असेल तर हा पर्याय विचारात घेण्यात अर्थ नाही.

तिसरा पर्याय मिळवायला सर्वांत कठीण, पण एकदा मिळाला की त्याच्यासारखे स्वास्थ्य नाही. आपल्याकडे अकरा महिन्यांच्या लिव्ह अँड लायसन्सची सवय असते. तिथला नेहमीचा करार अनिश्चित मुदतीचा असतो. मालकाला स्वतःला किंवा जवळच्या कुटुंबीयांना राहायचे आहे, यासारखे कायद्याला मान्य असलेले कारण असल्याशिवाय तो भाडे नियमित देणाऱ्या भाडेकरूला काढू शकत नाही, आणि पाच वर्षे राहिल्यावर त्याने द्यायची सूचना तीनऐवजी सहा महिन्यांची होते. तुम्हाला मात्र तीन महिन्यांच्या सूचनेवर केव्हाही निघता येते. देखभाल वगैरे खर्च वगळून उरणाऱ्या मूळ भाड्याच्या तिपटीहून अधिक अनामत घेता येत नाही आणि ती तीन हप्त्यांत देण्याचा तुम्हाला हक्क आहे. दलाल मालकाने नेमला असेल, तर २०१५ पासून त्याचे पैसेही मालकानेच द्यायचे असतात.

या घरांच्या जाहिराती वाचताना दोन गोष्टींत आपली माणसे हमखास फसतात. ‘दोन खोल्या’ म्हणजे आपला टू बीएचके नव्हे. हॉलही खोली म्हणून मोजला जातो, तेव्हा तो आपला वन बीएचके. आणि रिकामे म्हणजे अगदी रिकामे. आम्ही पाहिलेल्या पहिल्या घराच्या स्वयंपाकघरात ओटा नव्हता, सिंक नव्हते. भिंतीतून बाहेर आलेला पाण्याचा नळजोड, शेगडीसाठीची जोडणी आणि छतातून लोंबणाऱ्या दोन तारा, एवढेच होते. आधीचा भाडेकरू आपले स्वयंपाकघर विकत देऊ करतो, तेव्हा ती रक्कम भाड्यात धरूनच तुलना करावी. पाहणीच्या दिवशी जिन्यात रांग असते. पगाराच्या तीन पावत्या, शूफाचा दाखला, ओळखपत्र आणि कुटुंबाची थोडक्यात माहिती एका फाइलमध्ये तयार ठेवणाऱ्याला तिथे खरोखर फायदा होतो, कारण मालक अनेकदा त्याच संध्याकाळी निर्णय घेतो.

कुटुंबासह येणाऱ्याने नोंदणी होईल असे फर्निश्ड घर सहा महिन्यांसाठी घ्यावे आणि पगाराच्या तीन पावत्या हातात येताच कायमच्या कराराच्या मागे लागावे, असे माझे स्पष्ट मत आहे. पहिल्या महिन्यात खर्च जास्त वाटेल, पण घाईत सही केलेला वाईट करार त्याहून महाग पडतो. शोध शहराच्या हद्दीपुरता ठेवू नये. डाखाऊ, फ्रायझिंग, एर्डिंग ही गावे एस-बानने, म्हणजे उपनगरी रेल्वेने, जोडलेली आहेत. येण्याची तारीख तुमच्या हातात असेल, तर सप्टेंबर आणि ऑक्टोबर टाळावेत, कारण ऑक्टोबरफेस्ट हा बिअरचा मोठा उत्सव आणि विद्यापीठांचे हिवाळी सत्र एकामागोमाग येतात. त्याच काळात यावेच लागले, तर फर्निश्ड घराची मुदत पहिल्याच करारात मार्चअखेरपर्यंत मागून घ्यावी.