चेसिस नंबरातल्या एका शून्यापायी 4,200 रुपये गेले

माझी स्कूटर 2013 ची. महाराष्ट्रात 1 एप्रिल 2019 च्या आधी नोंदणी झालेल्या गाड्यांना एचएसआरपी, म्हणजे ती नवी सुरक्षा नंबरप्लेट, सक्तीची झाली, तेव्हा मीही आरसी समोर ठेवून ऑनलाइन बुकिंग करायला बसले. गाडीचा नंबर टाकला, चेसिस आणि इंजिन नंबरचे शेवटचे पाच-पाच आकडे टाकले. तपशील जुळत नाही, असं उत्तर आलं. पुन्हा टाकले, मुलीकडून वाचून घेतले, शेजारच्या दादांनी त्यांच्या मोबाईलवरून करून पाहिलं. दरवेळी तेच.

तेव्हा मी सरळ आरटीओच्या खिडकीवर जायला हवं होतं. गेलेही, पण गेटच्या आत पाय ठेवण्याआधीच एकाने गाठलं. "ताई, काय काम आहे?" पन्नाशीचा, हातात फायली, बोलणं अगदी घरच्यासारखं. त्याने मोबाईलवर माझा नंबर टाकून पाहिला आणि म्हणाला, "डेटा मिसमॅच आहे. जुन्या गाड्यांच्या नोंदी रजिस्टरवरून कॉम्प्युटरवर चढवताना गोंधळ झालेत. आत गेलात तर सहा महिने चकरा माराल. माझ्याकडे द्या, पंधरा दिवसांत नवी आरसी घरपोच." त्याचं निदान खरं होतं, म्हणूनच माझा विश्वास बसला. फसवणारा माणूस सगळंच खोटं बोलत नाही, हे मला तेव्हा कळलं नाही.

2,000 रुपये लगेच घेतले, यूपीआयने, त्याच्या स्वतःच्या नंबरवर. आरसीचा आणि आधारचा फोटो घेतला. संध्याकाळी फोन आला, "ताई, एक ओटीपी आला असेल, सांगा." सांगितला. दुसऱ्या दिवशी आणखी एक, तोही सांगितला. मी स्वयंपाकघरात होते, हात कणकेचे होते, मेसेज धड वाचलाही नाही. फक्त सहा आकडे वाचून दाखवले. पुढे 1,500 रुपये "साहेबांच्या सहीसाठी" आणि 700 रुपये "स्मार्टकार्डचे" गेले. पावती मागितली की म्हणायचा, "ऑनलाइन आहे ना सगळं, पावती कार्डाबरोबरच येईल."

कार्ड खरोखर आलं. छान गुळगुळीत, चिप असलेलं. मी जुन्या कार्डाशी ताडून पाहिलं, दोन्हींवर चेसिस नंबर अगदी एकसारखा दिसत होता. मी त्याला विचारलंही, "यात बदललं काय?" तो म्हणाला, "बदल सिस्टीममध्ये झालाय ताई, कार्डावर दिसत नसतो." बुकिंग करून पाहिलं, तपशील पुन्हा जुळेना. "सर्व्हर अपडेट व्हायला पंधरा दिवस लागतात." पंधराचे तीस झाले, मग फोन उचलणं बंद झालं आणि शेवटी नंबरच बंद.

शेवटी एका सकाळी अर्धी रजा टाकून मी खिडकीवर गेले. तिथल्या बाईंनी 'वाहन' या सरकारी संगणक प्रणालीत माझा गाडी नंबर टाकला आणि पहिला प्रश्न विचारला, "हा मोबाईल नंबर तुमचाच ना?" शेवटचे दोन आकडे त्यांनी वाचून दाखवले. माझे नव्हतेच. मी तिथेच उभ्या उभ्या जुने मेसेज उघडले. ज्या ओटीपीचे आकडे मी कणकेच्या हाताने वाचून दिले होते, त्याच मेसेजात तो मोबाईल क्रमांक बदलण्यासाठी आहे असं स्पष्ट लिहिलेलं होतं. दोन ओळींचा मेसेज, तेवढाही मी वाचला नव्हता. दरम्यान गाडीवर दोन ई-चलान लागली होती, त्यांचे मेसेज मला कधी आलेच नाहीत. ते सगळं त्या माणसाच्या मोबाईलवर जात होतं. पैशांपेक्षा मला याची भीती जास्त वाटली. गाडी माझ्या नावावर, आणि तिच्या नोंदीची किल्ली दुसऱ्याच्या हातात.

नोंद दुरुस्तीसाठी कसलाही अर्ज माझ्या गाडीवर दाखलच झाला नव्हता. कार्ड कुठून छापून आणलं देव जाणे. इथेच सगळ्यांनी नीट लक्ष द्या. हातातलं कार्ड म्हणजे नोंद नाही. नोंद असते ती वाहन प्रणालीत. पोलीस, विमा कंपनी, नंबरप्लेटवाले तीच बघतात. अर्ज खरोखर झाला असेल तर त्याला अर्ज क्रमांक असतो आणि तो परिवहन पोर्टलवर टाकला की अर्ज कुठे अडकलाय ते दिसतं. "काम सुरू आहे" म्हणणाऱ्याकडे पहिल्याच दिवशी हा क्रमांक मागा. तो नसेल तर काम सुरूच झालेलं नाही.

चूक नेमकी काय होती, ते मोटार वाहन निरीक्षकांनी दाखवलं. त्यांनी गाडी आवारात उभी करायला लावली, फ्रेमवर ठोकलेल्या नंबरावर पातळ कागद धरला आणि वरून पेन्सिल घासली. करड्या रंगात एकेक आकडा उमटत गेला. तो कागद त्यांनी स्क्रीनच्या शेजारी धरला. शेवटच्या पाचांत जिथे शून्य हवं होतं, तिथे नोंदीत इंग्रजी ओ हे अक्षर टाइप झालेलं होतं. कार्डावर दोन्ही सारखेच दिसतात, म्हणून इतकी वर्षं कुणाच्या लक्षात आलं नाही. ते म्हणाले, सतरा खुणांच्या या चेसिस नंबरात आय, ओ आणि क्यू ही अक्षरं वापरतच नाहीत, ती एक आणि शून्याशी गल्लत करतात म्हणून. म्हणजे ओ दिसला की तो चुकीचाच. मी शून्य टाकत होते आणि संगणक ओ शोधत होता. एजंटच्या कार्डावर दुरुस्ती दिसणं शक्यच नव्हतं, आणि त्याला ते पक्कं ठाऊक होतं.

दुरुस्तीला माझ्याकडून अर्ज, मूळ आरसी, विमा, पीयूसी, ओळखपत्र आणि ती पेन्सिलची छाप घेतली. सगळ्यात उपयोगी पडला तो फॉर्म 21, गाडी घेताना शोरूमने दिलेलं विक्री प्रमाणपत्र. त्यावर कंपनीकडून आलेला मूळ नंबर असतो. माझा 2013 पासून बँकेच्या जुन्या पासबुकात घडी करून ठेवलेला सापडला, नाहीतर आणखी खेटे पडले असते. मोबाईल नंबर आधी माझा करून घेतला, मग नोंद सुधारली. तीन फेऱ्या झाल्या. एजंटने सांगितलेले सहा महिने कुठेही लागले नाहीत.

रांगेत माझ्या पुढे एक आजोबा होते, त्यांचं दुखणं माझ्यापेक्षा मोठं. त्यांनी गाडी कधीच विकली होती. त्यांच्या एजंटने फॉर्म 29 आणि 30 वर, म्हणजे गाडी दुसऱ्याच्या नावावर करायच्या फॉर्मवर, कोऱ्याच सह्या घेतल्या आणि "नावावर करून देतो" म्हणून सांगितलं. ती कधी झालीच नाही. आता त्या गाडीच्या अपघाताची नोटीस यांच्या दारात. गाडी राज्यातल्याच माणसाला विकली तर 14 दिवसांत आरटीओला कळवायचं असतं, मोटार वाहन कायद्याच्या कलम 50 मध्ये ते आहे. आणि सर्वोच्च न्यायालयाने 2018 मध्ये सांगितलंय की नोंदीत ज्याचं नाव, तोच कायद्याच्या दृष्टीने मालक, भरपाईची जबाबदारीही त्याचीच. आजोबांचे हात थरथरत होते. त्यांना खिडकीपर्यंत हाताला धरून नेलं, एवढंच मला करता आलं. गाडी विकली असेल तर घेणाऱ्याचं नाव नोंदीत चढलंय का, ते स्वतः पोर्टलवर बघा. कोऱ्या फॉर्मवर सही कुणालाही देऊ नका, ओळखीच्यालाही नाही.

मी 1930 वर, म्हणजे सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर, फोन केला आणि पोलीस ठाण्यातही लेखी तक्रार दिली, यूपीआयचे व्यवहार आणि त्याच्या मेसेजचे स्क्रीनशॉट जोडून. उशीर झाल्यामुळे पैसे गोठवता आले नाहीत. पैसे गेले त्याच तासात फोन करायला हवा होता. तक्रारीची पोच माझ्याकडे आहे, पुढे काही कळलेलं नाही.

दोन्ही चलान भरली. परवा पुन्हा बुकिंगला बसले, शेवटचे पाच आकडे टाकले, शून्यासकट. या वेळी पान पुढे सरकलं. दुचाकीचा सरकारी दर 450 रुपये अधिक जीएसटी, तेवढे भरले आणि ओटीपीचा मेसेज आला तो पहिल्या अक्षरापासून शेवटपर्यंत वाचून मगच आकडे टाकले.