जुनी मारुती ८००: इंजिन शेवटी बघा, आधी मॅटिंग उचला

मारुती ८०० चं उत्पादन जानेवारी २०१४ मध्ये थांबलं, पण सेकंडहँड बाजारात ती अजूनही ‘सिंगल हँड, डॉक्टरांची गाडी’ म्हणूनच विकली जाते. एवढ्या ८०० डॉक्टरांनीच चालवल्या असतील तर पेशंट कधी तपासले, कोण जाणे.

गाडी म्हणाल तर आजही झकास. ७९६ सीसी, तीन सिलिंडर, एमपीएफआय (कार्बोरेटरऐवजी इंजेक्टरने पेट्रोल सोडणाऱ्या) मॉडेलला ३७ बीएचपी ताकद. आकडा मिक्सरचा वाटतो, पण वजनच साडेसहाशे किलोच्या आसपास असल्याने सिग्नलवरून ती टुणकन सुटते. घाटात मात्र पाच माणसं आणि एसी दोन्ही एकदम मागू नका. चढ लागला की एसी बंद, दुसरा गिअर, आणि मागचा हॉर्न वाजवतोय त्याला खुशाल वाजवू द्या. एअरबॅग नाहीत, एबीएस नाही. एक्स्प्रेसवेवर दोन ट्रकांच्या मधे घुसायची ही गाडी नव्हे.

घेताना सगळे बॉनेट उघडून, मान तिरकी करून इंजिनचा आवाज ऐकतात. इंजिन दुरुस्त होतं, कुजलेला पत्रा गळ्यात पडतो. पुढच्या काचेच्या रबरातून झिरपलेलं पाणी मॅटिंगखाली साचतं आणि फ्लोअर आतून सडतो. नवंकोरं मॅटिंग आणि वर परफ्यूमची बाटली असं दिसलं की समजून जा. मॅटिंग उचलून अंगठ्याने दाबा; पत्रा करकरला तर वेल्डिंगचा खर्च धरूनच भाव बोला. गाडी कोकणातली असेल तर जॅक लावून बघाच. गाडी वर जाण्याऐवजी जॅकच पत्र्यात शिरला, तर चहा पिऊन निघा. बॉनेटखाली स्ट्रटच्या (पुढच्या चाकाच्या शॉक-अॅब्सॉर्बरच्या) माथ्याभोवती ताजा रंग किंवा पुट्टी दिसली तरी तेच.

आता इंजिन. ते थंड असतानाच रेडिएटरचं झाकण उघडा. पाण्यावर तेलाचा तवंग आणि ऑइलच्या झाकणाला दुधाळ साय, दोन्ही एकदम दिसलं तर हेड गॅस्केट (इंजिन ब्लॉक आणि वरचं हेड यांमधलं सील) गेलेलं असण्याची शक्यता दाट. (नुसती साय जवळच्या फेऱ्या मारूनही जमते.) याचं मूळ बहुतेकदा कूलंटऐवजी भरलेलं नळाचं पाणी आणि फॅन बंद पडलेला असताना तशीच दामटलेली गाडी. टायमिंग बेल्टबद्दल (इंजिनातल्या व्हॉल्व्हची वेळ सांभाळणारा पट्टा) ‘आत्ताच बदललाय हो’ असं उत्तर आलं आणि बिल नसेल, तर बदललेला नाही असं धरून चाला.

मॉडिफाय केलेली ८०० शक्यतो टाळा. मूळ टायर १४५/७० आर१२, म्हणजे बारा इंची चाकाचे. त्या जागी तेरा इंची अलॉय आणि रुंद टायर घातले की पिकअप मरतो, स्टिअरिंग पूर्ण वळवल्यावर टायर आर्चला (चाकावरच्या पत्र्याच्या कमानीला) घासतो, आणि पॉवर स्टिअरिंग नसल्याने पार्किंग करताना जिमची फी वाचते. टायरचा घेर वाढला असेल तर स्पीडोमीटरही खऱ्यापेक्षा कमी वेग दाखवतो. वर तो डबडा सायलेन्सर: आवाज रॅलीचा, वेग रिक्षाचा.

कागद नीट वाचा. मुंबई-पुण्यात एप्रिल २०१० पासून बीएस-४ हा प्रदूषणाचा कडक नियम लागू झाला आणि नवी ८०० तिथे विकणं बंद झालं. त्यामुळे २०१२ चं मॉडेल ‘पहिल्यापासून पुण्यातलीच’ म्हणून दाखवणाऱ्याला आरसी मोठ्याने वाचायला सांगा. पंधरा वर्षं उलटली असतील तर री-पासिंग (आरटीओकडून नोंदणीचं नूतनीकरण) आणि ग्रीन टॅक्सची (जुन्या गाड्यांवरचा पर्यावरण कर) पावती पैसे देण्याआधीच हातात घ्या. ‘नंतर करून देतो’ म्हणणारा एजंट नंतर फोन उचलत नाही.