साक्ष लिहिली, आता द्यायची कुठे? मासिक, फोनवरचा गट आणि स्वतःची पुस्तिका

सांगलीच्या विश्रामबागेत राहणारी एक शिक्षिका मागच्या महिन्यात मिरजेला माझ्याकडे आली. आमच्याच मंडळीतली, म्हणजे चर्चमधली, लहानपणी माझ्या संडे स्कूलच्या वर्गात बसलेली. पिशवीतून तिनं तीन गोष्टी काढल्या. बायबलमधल्या स्तोत्रांवरच्या वीसएक छोट्या चिंतनांची वही, आईच्या आजारपणाची साक्ष, म्हणजे देवानं त्यात कसं सांभाळलं याची हकिकत, आणि मिरजेत कंपाउंडर असलेल्या आजोबांनी बॉलपेननं लिहून ठेवलेल्या आठवणी. त्या शेवटच्या वहीच्या कडा पाण्यानं फुगून कडक झालेल्या.

"आँटी, हे कुठं देऊ? मासिकाला पाठवू, रोज सकाळी गटावर टाकू, की सरळ छापूनच घेऊ?"

मी आयुष्यभर नर्स म्हणून काम केलं. निवृत्तीनंतर मंडळीच्या छोट्या अंकाची प्रुफं तपासली, आणि आता स्त्रीसंघाचा फोनवरचा गट सांभाळते. तिन्ही वाटांवर चालून पाहिलंय. त्यातून माझा एक निकष तयार झाला: मजकूर लोकांच्या हाती पडण्याआधी त्याला थांबवून प्रश्न विचारणारं कुणी आहे का? खर्च, वेळ, वाचकसंख्या हे सगळं मी त्यानंतर बघते. असं का, ते एका प्रसंगातून सांगते.

काही वर्षांपूर्वी एका गटावर एका बाईंची साक्ष आली. क्षयरोग झाला होता, वजन उतरलं होतं, उपास-प्रार्थना केली आणि प्रभूनं बरं केलं. मनापासून लिहिलेलं, खोटं एकही वाक्य नाही. दुपारपर्यंत ती साक्ष चार गावांच्या गटांत पोचली. तिसऱ्या दिवशी मला अनोळखी बाईचा फोन आला. "सिस्टर, माझ्या मुलाच्या गोळ्या चालू होऊन दोन महिने झाले. खोकला थांबलाय. त्या ताईंसारखं आम्ही पण आता प्रार्थनेवर सोडू का?"

माझ्या पोटात गोळा आला. साक्ष देणाऱ्या बाईंना मी ओळखत होते. त्यांनी सहा महिने एकही दिवस न चुकवता औषध घेतलं होतं. ते त्यांनी लपवलं नव्हतं, त्यांना फक्त आभार मानायचे होते, म्हणून गोळ्यांचं लिहायचं सुचलंच नाही. क्षयाचं औषध मध्येच सोडलं की उरलेले जंतू त्या औषधाला दाद देईनासे होतात आणि पुढचे उपचार जास्त कठीण होतात. खोकला थांबणं म्हणजे आजार जाणं नव्हे. त्या आईला मी हे पुन्हा पुन्हा सांगितलं, आठवड्याला फोन केला. मुलानं कोर्स पूर्ण केला. पण तीच साक्ष वाचून ज्यांनी कुणालाच फोन केला नाही, त्यांचा विचार अजून मनातून जात नाही.

पुढे त्याच बाईंनी तीच साक्ष एका मासिकाला पाठवली. संपादकांनी ती परत पाठवली, समासात तीन प्रश्न लिहून: औषध चालू होतं का? किती महिने? बरं झाल्याचं डॉक्टरांनी कधी सांगितलं? बाईंना राग आला. "माझ्या विश्वासावर शंका घेतात," म्हणाल्या. मग आठवडाभरानं बसल्या आणि नव्यानं लिहिलं. त्यात पहाटेची प्रार्थना होती, गोळ्या घेताना होणारी मळमळ होती, आणि रोज गोळी घेतली का म्हणून दारात येऊन विचारणारी आरोग्यसेविका होती, जी देवानंच पाठवली असं त्या बाई म्हणत. छापून यायला सात महिने लागले. माझ्या मते दुसरी साक्ष पहिलीपेक्षा जास्त विश्वासाची होती, कारण तिच्यात काही वगळलेलं नव्हतं.

मासिकाची किंमत मला तिथे कळली. आपल्याकडे ही परंपरा जुनीही आहे. 'ज्ञानोदय' हे ख्रिस्ती नियतकालिक १८४२ मध्ये अहमदनगरला सुरू झालं. रेव्हरंड नारायण वामन टिळक १९१२ पासून १९१९ मध्ये त्यांचं निधन होईपर्यंत त्याच्या मराठी विभागाचे संपादक होते, आणि त्यातली शेवटची दोनएक वर्षं त्यांचं बिऱ्हाड साताऱ्याला होतं. तिथेच १९१७ मध्ये त्यांनी 'देवाचा दरबार' हा संघ सुरू केला, बाप्तिस्मा घेतलेल्या आणि न घेतलेल्या अशा दोघांनाही जवळ घेणारा. इतका मोठा कवी दुसऱ्यांचे लेख तपासत बसत होता, ही गोष्ट मला नेहमी धीर देते. आपला लेख कुणी तपासला तर त्यात कमीपणा नाही.

मासिकाचे तोटेही सांगायला हवेत. नाताळचा लेख दिवाळीच्या आधीच पाठवावा लागतो. नकार आला तर बऱ्याचदा कळवतही नाहीत. काही ठिकाणी पाळकसाहेबांचा, म्हणजे मंडळीच्या धर्मगुरूंचा, साधा मजकूर पहिल्या पानावर येतो आणि बाईचा चांगला लेख 'भगिनींसाठी' या सदरात अर्धा कापून. हे माझ्या बाबतीत घडलंय, आणि तेव्हा लागलं होतं. शिवाय वर्गणीदार बहुतेक माझ्या वयाचे. विशीतला मुलगा ते उघडेल याची खात्री नाही.

आता फोन. गटावर टाकलेल्या मजकुराला कमी लेखणाऱ्यांशी माझं जमत नाही. २०१९ च्या ऑगस्टमध्ये कृष्णेचं पाणी सांगलीत शिरलं तेव्हा कुठलंही मासिक कामाला आलं नाही, कामाला आला तो गट. कोण माडीवर अडकलंय, कुणाचं इन्सुलिन संपलंय, कुठल्या शाळेत भाकरी मिळतेय, हे सगळं तिथे कळलं. आणि मध्यरात्री कुणीतरी लिहिलेलं दोन ओळींचं स्तोत्रवचन वाचून अंधारात बसलेल्या बायकांनी रात्र काढली. आजही आमच्या गटात पहाटे पाचला आवाजात रेकॉर्ड केलेलं चिंतन जातं. ज्यांना अक्षर दिसत नाही त्या ऐकतात, पुण्यात किंवा दुबईत असलेल्या लेकी ऐकतात. लिहिलेलं त्याच दिवशी पोचतं, आणि उत्तरही त्याच दिवशी येतं: "आज हेच हवं होतं." लिहिणाऱ्या माणसाला अशा उत्तराची भूक असते, तिची लाज वाटायचं कारण नाही.

पण त्याच पुराच्या वेळी धरणातून पाणी सोडल्याची, तारीख-वेळ काही नसलेली बातमी तीन वेळा आमच्या गटात आली आणि म्हाताऱ्या माणसांची धावपळ झाली. व्हॉट्सअ‍ॅपवर गट १,०२४ जणांपर्यंत वाढू शकतो. पाठवलेला मजकूर बदलायला १५ मिनिटं मिळतात आणि सगळ्यांच्या फोनवरून पुसायला दोन दिवसांहून थोडा जास्त वेळ. तेवढ्यात कुणी तो पुढे पाठवला असेल, तर तिथली प्रत आपल्याला पुसता येत नाही. एका वेळी पाचच ठिकाणी पाठवता येतं आणि फार फिरलेला मजकूर एकाच ठिकाणी, ही बंधनं चांगली आहेत. तरी पाचाचे पंचवीस व्हायला वेळ लागत नाही. त्यात लिहिणाऱ्याचं नाव गळतं. माझी एक प्रार्थना दोन वर्षांनी दुसऱ्याच पाळकांच्या नावानं माझ्याकडे परत आली. वचन सगळ्यांचं आहे हे खरं, पण वचनावर रात्री जागून लिहिलेले शब्द कुणा एकाचे असतात.

सर्वांत मोठा धोका मला वेगळाच वाटतो. 'प्रार्थनेसाठी विनंती' म्हणून आपण दुसऱ्यांची दुखणी लिहितो. अमक्यांच्या सुनेचा गर्भपात झाला, तमक्यांचा मुलगा दारू सोडत नाही. नर्सिंगमध्ये पहिल्या वर्षी शिकवतात की रुग्णाची गोष्ट रुग्णाची असते. मंडळीत मात्र ती आपण प्रेमानं चारशे लोकांपुढे मांडतो. त्या सुनेला पुढच्या रविवारी उपासनेला यायचं असतं. मत्तयाच्या शुभवर्तमानाच्या अठराव्या अध्यायात भावाचं चुकलं तर आधी त्याला एकांतात गाठायला सांगितलंय. मंडळीसमोर मांडणं ही तिथली शेवटची पायरी आहे. फोननं ती पहिली करून टाकली. हाच नियम पाळक, मंडळीचे वडील (म्हणजे पंच) आणि डिकन (मंडळीचे सेवक) यांच्या भांडणांबद्दल लिहितानाही लागू होतो, आणि रागात लिहिलेला मजकूर तर सकाळपर्यंत वहीतच राहू द्यावा. आणखी एक, खास तरुण मुलींसाठी: गटातल्या प्रत्येकाला तुमचा नंबर मिळतो. अनोळखी लोक असलेल्या मोठ्या गटात लिहिण्याआधी घरी बोला.

पुस्तिकेबद्दल थोडक्यात. ही वाट खर्चाची, पण टिकाऊ. मधोमध पिना मारलेली पुस्तिका असेल तर पानं चारच्या पटीत धरतात, मोठं पुस्तक सोळा पानांच्या फर्म्यांत, म्हणजे एकत्र छापून घडी घातलेल्या गठ्ठ्यांत. पन्नास-शंभर प्रती हव्या असतील तर डिजिटल छपाई परवडते, ऑफसेट जास्त प्रतींना. डीटीपीवाल्याला युनिकोडमध्येच टाइप करायला सांगा, नाहीतर जुन्या फॉन्टमधला मजकूर पुढे फोनवर उघडला की नुसती विचित्र अक्षरं दिसतात. पुस्तकाची ओळख सांगणारा आयएसबीएन क्रमांक भारतात मोफत मिळतो. तो सक्तीचा नाही, पण घ्यावा. आणि एक गोष्ट बऱ्याच जणांना माहीत नसते: १९५४ च्या कायद्याप्रमाणे छापलेल्या पुस्तकाची प्रत कोलकात्याचं राष्ट्रीय ग्रंथालय आणि मुंबई, चेन्नई, दिल्लीतली ग्रंथालयं इथे तीस दिवसांत पाठवायची असते. स्वतः छापलं तर प्रकाशक तुम्हीच, म्हणून ते कर्तव्यही तुमचं. मला तो कायदा ओझं वाटत नाही. मिरजेतल्या कंपाउंडरच्या आठवणी कोलकात्यात जपून ठेवल्या जातात, यापेक्षा काय हवं?

पुस्तिकेत थांबवणारं कुणी नसतं. पैसे दिले की छापखाना काहीही छापतो. म्हणून दोन माणसं स्वतःच शोधावी लागतात: भाषा बघणारं एक, आणि वचनांचे संदर्भ पवित्र शास्त्र, म्हणजे बायबल, उघडून ताडून पाहणारं एक. घरातलं माणूस नको, घरातले कौतुक करतात. गीतांच्या बाबतीतही सांभाळा. लेखकाच्या निधनानंतर साठ वर्षं हक्क राहतो, म्हणून टिळकांची गीतं खुशाल घ्या, पण आताच्या गीतकाराचं संपूर्ण गीत विचारल्याशिवाय छापू नका. पवित्र शास्त्राच्या आजच्या अनुवादातला मोठा उतारा घ्यायचा तर अनुवाद काढणाऱ्या संस्थेची परवानगी मागा. आणि तरुण संघानं उत्साहात स्वतःचं मासिकच काढायचं ठरवलं, तर नियतकालिकांची नोंदणी २०२३ च्या नव्या कायद्याप्रमाणे होते. पुस्तिकेला ती लागत नाही.

हे झालं लिहिणाऱ्यांसाठी. वाचणाऱ्यांना मी एवढंच विचारते: लिहिणाऱ्याचं नाव आहे का, तारीख आहे का, वचनाचा अध्याय आणि ओवी दिली आहे का? बिरुया गावातल्या लोकांनी प्रेषित पौलाचंसुद्धा ऐकून घेतलं आणि मग रोज शास्त्र उघडून खात्री केली, आणि बायबलमधलं 'प्रेषितांची कृत्ये' हे पुस्तक त्याबद्दल त्यांचं कौतुक करतं. मासिक वाचताना हे काम निम्मं झालेलं असतं, कारण संपादकांनी आधी वाचलेलं असतं. गटावर ते पूर्ण आपल्यालाच करावं लागतं. "अकरा जणांना पाठवा, आशीर्वाद मिळेल" असं लिहिलेलं काही आलं तर ते माझ्या फोनवरच थांबतं. आपला प्रभू असे सौदे करत नाही.

तर त्या शिक्षिकेचं काय ठरलं? चिंतनांची वही गटासाठी, पण रोज नाही. आठवड्यातून दोनदा, एका वेळी शंभर-दीडशे शब्द, खाली नाव आणि वचनाचा संदर्भ, आणि आदल्या रात्री एका मैत्रिणीला दाखवून. तिची भाषा बोलल्यासारखी सहज आहे, लक्ष्मीबाई टिळकांच्या गद्याची आठवण यावी अशी, आणि ती आवाजात रेकॉर्ड केली तर जास्त खुलेल असं मी म्हटलं.

आईची साक्ष मासिकाला. तिथे ती थोडी घुटमळली. "इतके महिने थांबायचं? आईला आताच वाचायचीय." मी विचारलं, आईनं ती वाचलीय का? वाचली नव्हती. लेकीनं लिहिली होती, आईच्या शरीराबद्दल, आईला न दाखवता. मग आधी आईला वाचून दाखवायचं ठरलं. तिनं जे खोडायला सांगितलं ते खोडायचं, कारण न विचारता. उरेल ते डॉक्टरांच्या कागदांशी ताडून पाठवायचं.

आजोबांच्या आठवणींची मात्र पुस्तिकाच. मिरजेत डॉक्टर विल्यम वानलेस यांनी १८९४ मध्ये रुग्णालय उभं केलं हे पुष्कळांना ठाऊक आहे, पण त्या काळानंतर इथल्या मिशनच्या दवाखान्यांत औषधं कुटणारी, स्ट्रेचर ओढणारी, रात्री कंदील धरणारी आपली माणसं कोण होती हे फारसं कुणी लिहून ठेवलेलं नाही. या आजोबांनी लिहिलंय. कुठल्या वॉर्डात कोण गात असे, पगाराच्या दिवशी कंपाउंडर काय खात, इथपर्यंत. असा मजकूर गटावर तुकड्यातुकड्यानं टाकला तर आठ दिवसांत वाहून जाईल.

ती वही सांगलीच्या गावभागातल्या घरात होती आणि २०१९ च्या पुरात दोन दिवस पाण्यात राहिली. काही पानांवरची शाई पसरलीय, पण अक्षर लागतं. छपाईचं नंतर बघू, असं मी तिला म्हटलं. त्या दुपारी आम्ही दोघी खिडकीपाशी बसलो आणि एकेका पानाचा फोटो काढत गेलो. चिकटलेली पानं ओढायची नाहीत, सुरीची बोथट कड हळूच आत सरकवायची, एवढं तिला शिकवलं. संध्याकाळपर्यंत एकसष्ट पानं झाली. उरलेल्यांसाठी ती शनिवारी येणार आहे.