जेनेटिक्सची पदवी, ग्रामीण विदर्भात: एका उन्हाळी सत्रानंतरचा अनुभव

भर एप्रिलमध्ये बीओडी इन्क्युबेटर (आतलं तापमान ठरावीक ठेवणारी पेटी) बसला आणि ड्रोसोफिलाच्या, म्हणजे प्रयोगाच्या फळमाश्यांच्या, सगळ्या बाटल्या वाया गेल्या, म्हणून हे लिहिणं. क्रेडिट, पेपर, विषयांची यादी सगळ्यांना ठाऊक आहे, त्यात जात नाही. मेंडेल, लिंकेज, हार्डी-वाइनबर्ग ही थिअरी कुठेही बसून शिकता येते. पैसे आणि डोकं खर्च होतं ते प्रॅक्टिकलमध्ये.

ड्रोसोफिलाला २५ अंश लागतात. तेवढ्यात अंड्यापासून माशी व्हायला साधारण १० दिवस. १८ अंशांवर जवळपास दुप्पट. ३० अंशांवर वाढलेले नर वांझ निघतात. माश्या बाटलीत मजेत फिरतात, पण अळी एक नाही. मग पोरं माश्यांच्या खाण्यातल्या यीस्टला दोष देतात, रव्याला देतात, थर्मामीटर कोणी पाहत नाही.

बीओडीचा खरा धोका लाईन जाण्यात नाही. दार बंद ठेवलं तर आतला गारवा बराच टिकतो. धोका लाईन परत येते तेव्हा. व्होल्टेज खालीवर झालं की कॉम्प्रेसर जातो, किंवा हीटरचा रिले चिकटतो आणि पेटी थंड करायची सोडून शेकायला लागते. स्टॅबिलायझरशिवाय हे यंत्र घेऊच नका. सर्व्हिसवाले ‘व्होल्टेजमुळे बिघाड’ असं लिहून हात वर करतात, येण्याजाण्याचे पैसे मात्र आधी घेतात.

इथवर सगळा राग यंत्रावर होता. हिशेब मांडला तर दोष वेळापत्रकाचा निघतो. कुमारी (अजून नराशी जोडी न लागलेल्या) माद्या गोळा करणं, एफ-१ (संकराची पहिली पिढी), एफ-२ (दुसरी पिढी) आणि मोजणी मिळून पाच-सहा आठवडे जातात. स्टॉक, म्हणजे सुरुवातीच्या माश्या, मार्चमध्ये मागवला तर एफ-२ नेमकी ४२-४३ अंशांत येते. जानेवारीअखेर मागवला तर मार्चच्या मध्यात काम उरकतं आणि बीओडी लागतोच असं नाही. पावसाळ्यात बुरशी आणि माइट्स छळतात, म्हणून पावसाळ्यातल्या विषम सत्रातही पर्याय नाही.

उशीर झालाच तर माठ. मोठ्या कुंडीत ओली वाळू, त्यात माठ, माठात विटेवर बाटल्या, तोंडावर ओलं पोतं. वाळूला दिवसातून दोनदा पाणी. खोलीत ४० असताना आत २७-२८ मिळतं, कारण आपली एप्रिलची हवा कोरडी असते. कुलरच्या खोलीत माठ ठेवू नका. दमट हवेत वाळूतलं पाणी उडत नाही. कुंडी पाण्याच्या परातीत ठेवा, नाहीतर मुंग्या आधी पोचतात.

माध्यम, म्हणजे बाटलीतलं माश्यांचं खाणं, स्वस्तात होतं: १ लिटर पाणी, १०० ग्रॅम रवा, १०० ग्रॅम गूळ, १० ग्रॅम अगार (घट्ट करायला), ७.५ मिली प्रोपिओनिक आम्ल (बुरशी रोखायला). आम्ल उकळत्या मिश्रणात ओतलं तर वाफेबरोबर उडतं आणि चौथ्या दिवशी बुरशी. भांडं हाताला सोसेल इतपत निवल्यावर, पण अगार गोठायच्या आत घाला. उन्हाळ्यात माध्यम सुकून काचेपासून सुटतं आणि माश्या फटीत अडकून मरतात.

माश्या मोजण्याआधी त्यांना बेशुद्ध करायला ईथर विसरा. ३४.६ अंशांना उकळणारं, ज्वालाग्राही द्रव मे महिन्यात टेबलावर ठेवायचं कशाला? बाटली बर्फात ठेवली की काही मिनिटांत माश्या निपचित पडतात. मोजणी बर्फावरच्या पेट्री डिशमध्ये करा, पण आतून कोरड्या. ओल्या डिशला पंख चिकटतात.

पांढऱ्या डोळ्यांची मादी आणि लाल डोळ्यांचा नर हा क्रॉस (संकर) घ्या. एफ-१ मध्ये माद्या लाल, नर पांढरे. पांढऱ्या डोळ्यांची मादी बरीच दिसली तर आई कुमारी नव्हती असं समजा. २५ अंशांवर ८ तासांच्या आत माद्या वेगळ्या कराव्या लागतात, उकाड्यात त्याहून लवकर. एफ-१ मधली भावंडं आपसात सोडताना ही कटकट नाही. एफ-२ मध्ये लाल माद्या, पांढऱ्या माद्या, लाल नर, पांढरे नर यांचं गुणोत्तर १:१:१:१; मोजणी त्याला जुळते का हे पाहणाऱ्या काय-स्क्वेअर चाचणीची मर्यादा ७.८१५. पहिल्या दोन दिवसांच्या माश्या मोजून थांबू नका. बाटलीत गर्दी असेल तर पांढऱ्या डोळ्यांच्या मागाहून निघतात. जोड्या सोडल्यापासून १९ दिवसांनंतर मात्र मोजू नका, पुढची पिढी मिसळते.

कांद्याच्या मुळांत पेशीविभाजन पाहण्याच्या प्रॅक्टिकलबद्दल तक्रार नाही. अनपेक्षित सुख मिळालं ते कपाशीच्या संकरात. दुपारी तीननंतर उद्या उमलणारी कळी घ्यायची, अंगठ्याच्या नखाने पाकळ्यांसकट पुंकेसरांची नळी सोलून काढायची, कागदी पिशवी घालायची आणि दुसऱ्या दिवशी सकाळी परागण. बीजोत्पादनाच्या प्लॉटवरच्या बाया हे प्रयोगशाळेतल्या कोणाहीपेक्षा सफाईने करतात. अमेरिकन कपाशी ५२ गुणसूत्रांची, देशी २६ ची; दोघींचा संकर का फसतो ते फळ्यापेक्षा बोंड गळताना लवकर कळतं. यंत्र नको, लाईन नको.

पाचपैकी साडेतीन. अर्धा गुण कपाशीमुळे वाढला. प्रवेश घेण्याआधी विभागात जाऊन एवढंच विचारा: माश्यांचा स्टॉक कोणत्या महिन्यात येतो? ‘मार्च’ म्हणाले तर स्वतःचा माठ सोबत न्या.