ग्रेट कॉक्सवेलच्या कोठाराचा प्रतिकृती-संच : सांगाडा चोख, दारे मात्र गैर

ठाण्यात नौपाड्यातील छंदसाहित्याच्या एका दुकानात इंग्लंडमधील ग्रेट कॉक्सवेल येथील मध्ययुगीन मठाच्या धान्यकोठाराची लाकडी प्रतिकृती जोडण्याचा संच मिळतो. मूळ इमारत १५२ फूट लांब, ४४ फूट रुंद आणि ४८ फूट उंच आहे. १:१०० या मापनीमुळे ती येथे सुमारे ४६ सेंटिमीटर लांबीची होते. किंमत अडीच हजारांच्या आसपास आहे आणि आकाराच्या मानाने ती जास्त वाटत नाही.

संचाचे खरे मोल आतल्या सांगाड्यात आहे. सिस्टर्शियन या ख्रिस्ती संन्यासी पंथाच्या ब्यूली मठाने इ. स. १२९२ च्या सुमारास हे कोठार बांधले. ओकच्या खांबांच्या सहा जोड्यांमुळे त्याचे सात खण पडतात, मधल्या रुंद भागाच्या दोन्ही अंगांना पडवीसारखे चिंचोळे भाग सुटतात आणि छपरावरील दगडी कौलांचे बरेचसे वजन भिंतींऐवजी या खांबांवर उतरते. दोन खांबजोड्यांच्या मधोमध, बाजूच्या भिंतींतून वर निघालेल्या वाकड्या लाकडांची एक दुय्यम कैची, म्हणजे छप्पर पेलणारी लाकडी चौकट, आहे. ती गाळली असती तर फारसे कोणाच्या लक्षातही आले नसते, पण संच करणाऱ्याने ती इमानाने दिली आहे. तळखडेही योग्य उंचीचे आहेत. आपल्याकडच्या वाड्यांत तळखडा जेमतेम वीतभर असतो, तर येथे खांब सुमारे सात फूट उंच दगडी बैठकींवर उभे आहेत, त्यामुळे जमिनीची ओल लाकडापर्यंत पोहोचत नाही आणि खांबासाठी लागणारे लाकूडही तेवढ्याने आखूड चालते. सातशे वर्षांहून अधिक काळ हा सांगाडा का टिकला, याचा निम्मा उलगडा या बैठकी बसवतानाच होतो.

दारांच्या बाबतीत मात्र संच फसला आहे. दोन्ही टोकांच्या त्रिकोणी भिंतींत मोठी दारे दिली आहेत आणि लांब बाजूंवरील देवड्या नुसत्या शोभेच्या भरीव ठोकळ्यांच्या आहेत. टोकांची दारे अठराव्या शतकातली आहेत. मध्ययुगात गाड्यांची ये-जा लांब बाजूंवरील समोरासमोरच्या दारांतून होत असे. त्या दोन दारांमधली जागा हेच मळणीचे खळे होते आणि दारे उघडली की आरपार वाहणाऱ्या वाऱ्यावर धान्य उफणता येई. मुरबाड-शहापूरकडे पाऊस सरल्यावर भाताची झोडणी उघड्यावर उरकते, म्हणून तेथे एवढ्या मोठ्या छपराची गरज पडत नाही. इंग्लंडच्या ओल्या हिवाळ्यात पेंढ्या न झोडता कोठारात रचून ठेवाव्या लागत आणि मळणी आत बसून महिनोन्महिने चाले. इमारतीचा अवाढव्य आकार निव्वळ दाण्यासाठी नसून पेंढ्यांसकट साऱ्या पिकासाठी होता. ‘मूळ मध्ययुगीन रूप’ असे खोक्यावर छापायचे असेल, तर बाजूची दारे उघडी हवीत.

सोबतच्या माहितीपत्रकात हे कोठार चर्चला द्याव्या लागणाऱ्या दशांश धान्यासाठी होते असे म्हटले आहे, तेही बरोबर नाही. ब्यूली मठाच्या स्वतःच्या शेतीचे पीक येथे साठवले जाई. जवळच्या केल्म्स्कॉट येथे राहणाऱ्या विल्यम मॉरिस या एकोणिसाव्या शतकातील इंग्रज कवी-कलावंतांना ही इमारत किती आवडे यावर पत्रकाने अर्धे पान खर्च केले आहे, मळणीवर एक ओळही नाही. (अभियंत्यांपेक्षा कवींवर पत्रके अधिक प्रसन्न असतात, असा माझा जुना संशय आहे.)

लाकडाची कापणी स्वच्छ आहे. मूळ इमारतीप्रमाणे खाचेत टोक बसवून आरपार लाकडी खुंटी मारण्याची सोयही आहे, फक्त या बारीक खुंट्यांसाठी चिमटा वेगळा घ्यावा लागतो. ठाण्याच्या पावसाळी हवेत प्लायवूडचे पातळ पत्रे वाकतात, त्यामुळे खोके उघडल्यावर ते सपाट पृष्ठभागावर वजनाखाली ठेवावेत. माझ्या संचातील छपराचा एक पत्रा मुळातच वाकलेला निघाला. दुकानदारांनी तो विनातक्रार बदलून दिला, मात्र त्यासाठी पुढच्या मालाची वाट पाहावी लागली. मार्गदर्शक पुस्तिकेत छप्पर शेवटी चिकटवायला सांगितले आहे. तसे करू नये, कारण ते चिकटवल्यावर ज्या कैच्यांसाठी पैसे मोजले त्या कायमच्या झाकल्या जातात.