डावा बूट वाजतो : नऊ महिन्यांच्या वापरानंतर

मिरग लागून दोन दिवस झाले होते. वेंगुर्ल्याच्या एस्टी स्टँडवर उतरले आणि उजव्या बुटाचा सोल पुढून मगरीसारखा आ वासून उघडला. म्हणून लिहितेय. एरवी बुटांवर लिहायला आम्हा कॉन्व्हेंटच्या सिस्टरांना उसंत कुठली!

बूट तुम्हाला ठाऊक असतीलच. काळे, बिनलेसचे, पीयू (पॉलियुरेथेन) सोलचे, नर्सबाया आणि बँकेतल्या बाया घालतात ते. पोर्तुगालात लिस्बनला जायच्या आधी, सप्टेंबरात, कुडाळला १,३४९ रुपयांना घेतले. आम्हाला पैशापैशाचा हिशेब सुपीरियरला, म्हणजे कॉन्व्हेंटच्या प्रमुख सिस्टरना, द्यावा लागतो, त्यामुळे शेजारच्या दोन हजारांच्या शिवलेल्या जोडीकडे नुसतं बघून घेतलं. तिथेच चुकलं.

लिस्बनमध्ये माझं काम घरात अडकून पडलेल्या म्हाताऱ्या माणसांकडे जाण्याचं. कुणाला प्रार्थना हवी असते, कुणाला गोळ्या घेतल्या का एवढं विचारणारं कुणीतरी. शहराचा महिन्याचा पास ३० युरोचा, म्हणजे असल्या दोन जोड्या. तो पुरेपूर वसूल करायचा म्हणून मेट्रो, बस, २८ नंबरची पिवळी ट्राम, सगळं करते. उरलेले चढउतार पायी.

पहिले तीन आठवडे पाचपैकी पाच. हलके, टाच लागत नाही. मग ऑक्टोबरातला पहिला पाऊस झाला आणि डावा बूट वाजायला लागला. चुंई. उजवा गप्प, डावा चुंई. आतला तळवा ओला झाला की खालच्या थराला घासतो, एवढंच कारण. पण कोरड्या बाजारपेठेत दोन फेऱ्या मारून हे कसं कळावं? दुकानात ओल्या फडक्यावर चालून बघा, दुकानदार हसला तर हसू दे.

बायशा-शियादू हे मेट्रोचं स्टेशन खूप खोल आहे, सरकत्या जिन्यांवर जिने. तिथल्या लांब बोगद्यात माझा पाय पडला की माणसं मोबाईलमधून मान वर काढायची. नोव्हिशिएटमध्ये, म्हणजे सिस्टर होण्याआधीच्या शिकवणीत, आम्हाला दार न वाजवता लावायला शिकवलं होतं, आणि इथे मी प्रत्येक पावलाला वर्दी देत चालले होते. चॅपेलमध्ये तर चवड्यांवर.

पकडीबद्दल मात्र वाईट बोलणार नाही. तिथले फुटपाथ चुनखडीच्या मुठीएवढ्या पांढऱ्या चिऱ्यांचे, मधूनमधून काळ्या दगडाची नक्षी. पाय घासून घासून गुळगुळीत झालेले. सुके असताना बघत राहावेत, भिजले की थेट आमच्या विहिरीच्या शेवाळलेल्या जांभ्याच्या पायऱ्या. नऊ महिन्यांत एकदाच घसरले. एका आजींनी दंड धरला आणि म्हणाल्या, "दवगार, दवगार." मला ऐकू आलं "देवा, गार!" थंडी होतीच, मी जोरात मान डोलावली. त्याचा अर्थ 'हळू, सावकाश' हे नंतर कळलं. आजींनी मला लहान मुलासारखं भिंतीच्या कडेकडेने सगळा उतार उतरवलं आणि स्वतः परत वर चढून गेल्या.

आवाजाबद्दलचं मत मला बदलावं लागलं, तेही सांगते. आमच्या बसथांब्यावर एक आजोबा रोज पेपर वाचत बसायचे. मी "बों दीआ" म्हणायचे, ते पान उलटायचे. असं दोन महिने. डिसेंबरात एक दिवस कोरडा निघाला, बूट गप्प. आजोबांनी पेपर खाली केला : आज तुझे बूट कुठे गेले? तेव्हापासून बोलायला लागले. चर्चमध्ये येणार नाही हे त्यांनी आधीच बजावलं. मग, गोव्याची का? तिथे सगळे हेच विचारतात. मी म्हणते, गोव्याच्या जरा वर. त्यांनी खिशातली किल्ली दाखवून "शाव्" म्हटलं, मी म्हटलं आमची चावी. मग बटाटा, अननस, नाताळ. पोर्तुगीज इतकं लवकर शिकलीस? नाही हो, हे शब्द तुमच्या लोकांनी शेकडो वर्षांपूर्वी आमच्याकडे आणून टाकलेत.

धर्मप्रसारक संत फ्रान्सिस झेवियर १५४१च्या एप्रिलमध्ये याच शहरातून निघाले आणि १५४२च्या मे महिन्यात गोव्यात पोचले. त्याच वाटेने मी उलटी गेले, आणि दोन महिन्यांत एक माणूस बोलता केला तोही बुटाने.

उपाय हवा असेल तर : आतला तळवा उचलून खाली टाल्कम पावडर. हा २८ नंबरमध्ये एका नेपाळी डिलिव्हरीवाल्या पोराने सांगितला. प्रवाशांच्या गर्दीत माझी 'चुंई' ऐकून हिंदीत म्हणाला, दीदी, माझेही वाजायचे. चार दिवस गुण येतो. पावडरीचा खर्च वेगळा. इथल्या पावसात तर त्या पावडरीची कणीक होते.

आता सोल. कुडाळच्या दुकानात गेले तर, बिल? सांत अंतोन हरवलेल्या वस्तूंचा संत, जन्माने लिस्बनचाच, १३ जूनला त्याचा सण. मायने त्याच्यापुढे मेणबत्ती लावली आणि बिल सापडलं, खाटेखालच्या बुटांच्या खोक्यात. त्या खोक्यात मायने कोकमाची सोलं ठेवली होती. बिल जांभळं, तारीख गायब. गॅरंटी सहा महिन्यांची, ती संपलीच होती, हे मला मान्य. पण दुकानदाराचं म्हणणं वेगळंच, "सिस्टर, परदेशात वापरलेल्या मालाक गॅरंटी नाय." परदेशात काय बुटांना वेगळे पाय लागतात? अर्धा तास भांडले. शेवटी त्याने पॉलिशची डबी पुढे केली. घेतली नाही. (घ्यायला हवी होती.)

स्टँडजवळच्या मोच्याने बूट हातात घेऊन वाकवला. "हो नुसतो चिकटवलेलो आसा, सिस्टर, शिवलेलो नाय. आणि पेटयेत ठेवलास तर पावसात भुगो जातलो. वापरात रवले तर टिकतले." हे खरं आहे, पीयू सोल दमट हवेत न वापरताही आतून कुजतो. तेव्हा जपून ठेवायच्या फंदात पडू नका. दोन्ही बुटांना चहूबाजूंनी टाके घातले, ८० रुपये.

गुण : पकड चार, आराम चार, सोल एक, दुकानदार शून्य.

जाताना मोच्याने विचारलं, डाव्याचो आवाज पण काढू? आतलो तळवो चिकटवन देतंय, वीस रुपये. मी म्हटलं, दहा. तो ऐकेना. राहू दे म्हटलं.